विचारा ताईला : ग्लास केवढा, फेस किती आणि बिल कोणाचं?

मागच्या अंकात जर्मनीच्या व्हिसाबद्दल लिहिता लिहिता मी सहज एक ओळ टाकली होती, की आई इकडे आली होती तेव्हा आम्ही बिअरगार्टनमध्ये, म्हणजे झाडांखालच्या उघड्या बिअरच्या बागेत, बसून थालीपीठ खाल्लं. व्हिसाबद्दल दोन प्रश्न आले आणि त्या थालीपिठाबद्दल, म्हणजे खरं तर त्याच्या शेजारच्या बिअरबद्दल, पोतंभर. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच. आधीच सांगून ठेवते, सहा वर्षं कोलोनला काढली, आता नऊ वर्षं म्युनिकला आहे, पिते ती बेताची, आणि हो, सासरची मंडळी हा अंक वाचतात.

प्रश्न : ताई, मुलगा शिकायला म्युनिकला चाललाय. ऑफिसातले लोक म्हणतात तिथे पाण्यापेक्षा बिअर स्वस्त आणि लोक पाण्यासारखीच पितात. खरं आहे का? पोरगं बिघडेल का?
(एक वाचक, सांगली)

काका, हे 'पाण्यापेक्षा स्वस्त' प्रकरण अर्धं खरं आहे आणि तेही फक्त हॉटेलात. सुपरमार्केटात अर्ध्या लिटरची बिअर साधारण एक युरोच्या आसपास पडते, दीड लिटर बाटलीतलं साधं पाणी त्याच्या कितीतरी कमी पैशात येतं, आणि नळाचं पाणी तर उत्तमच, म्युनिकला ते आल्प्सच्या पायथ्याकडून येतं, मी तेच पिते. भानगड कुठे होते, तर इथल्या हॉटेलात बसल्या बसल्या पाण्याचे ग्लास टेबलावर आदळत नाहीत. पाणी मागितलं की बाटली फोडतात आणि तिचे तीन-चार युरो लावतात, शेजारी बिअर चार-पाच युरोला अर्धा लिटर, मग लिटरचा हिशोब लावला की पाणी महाग निघतं आणि आपला माणूस त्याच रात्री घरी फोन करून सांगतो की अगं इथे पाणीच परवडत नाही. यावर इथे चक्क कायदा आहे बरं का, हॉटेलात निदान एक तरी बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसलं पाहिजे. लोक गमतीने त्याला सफरचंदाच्या रसाचं कलम म्हणतात.

पाण्यासारखी पितात का, तर प्यायचे. १९९० च्या सुमारास माणशी वर्षाला १४० लिटरच्या वर जायचं, आता ९० च्या खाली आलंय आणि ब्रुअरीवाले कपाळाला हात लावून बसलेत. तरुण पोरं कमी पितात. बिनअल्कोहोलची बिअर मात्र जोरात आहे, मॅरेथॉन पळून आलेल्यांच्या हातात फिनिशला बिअरचा ग्लास दिसतो ना, ती हीच असते (त्यातही ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल चालतो, कडक पथ्य असेल त्यांनी लेबल बघावं).

आता पोराचं. इथे बिअर आणि वाइन कायद्याने १६ व्या वर्षापासून मिळते, बाकीची कडक दारू १८ पासून. आपल्या महाराष्ट्रात कागदावर बिअरला २१, बाकीच्याला २५, वर पिण्याचा परवाना लागतो तो वेगळाच, म्हणजे हॉस्टेलवरचा निम्मा महाराष्ट्र गुन्हेगार. त्यामुळे होतं काय, की ज्या वयात इथल्या पोरांची नवलाई संपलेली असते त्या वयात आपल्या पोराची सुरू होते. पहिले सहा महिने तेवढे लक्ष ठेवा, नंतर मेसचा स्वयंपाक आणि परीक्षा आपोआप ताळ्यावर आणतात. आणि त्याला एक नक्की सांगा, गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इथे ०.५ पर मिल (हजारात अर्धा भाग) आहे पण २१ च्या आतल्यांना आणि लायसन नवीन असणाऱ्यांना शून्य, आणि सायकलवर आहे म्हणून सुटका नाही, १.६ ला सायकलस्वारावरही गुन्हा लागतो.

बाकी जर्मनीत व्यसन नाही असं मात्र समजू नका. कोलोनला आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ होते, इस्त्रीचे कपडे, सगळ्यांना हसून नमस्कार, आणि रोज संध्याकाळी न चुकता चार-पाच बाटल्या. कोणी त्यांना बेवडा म्हटलं नाही कारण ती बिअर होती. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, तर बिअरला पातळ पाव म्हणतात, म्हणजे ती जेवणात धरतात, दारूत नाही. ही इथली खोट आहे आणि ती गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, जर्मनीत ५०० वर्षांपूर्वीचा शुद्धतेचा कायदा आहे म्हणून तिथली बिअर कितीही प्या, सकाळी डोकं दुखत नाही. तो जर्मनीला तीन दिवस जाऊन आलाय.
(एक वाचक, नाशिक)

तीन दिवस जाऊन आलेल्या माणसाशी वाद घालू नये, तोच जिंकतो. पण कायद्याची गोष्ट भारी आहे, ती त्याला सांगा.

२३ एप्रिल १५१६, बव्हेरियातलं इंगोलश्टाट. तिथला ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ यांनी हुकूम काढला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचं नावच नाही त्यात. कारण यीस्ट म्हणजे काय हे कोणाला माहीत होतं, मागच्या पिपातला गाळ पुढच्याला लावायचे, आपण विरजण लावतो तसं, आणि दह्याच्या कृतीत विरजण 'साहित्य' म्हणून कोण लिहितं? बरं, त्या हुकुमात दरही ठरवून दिलेत, हिवाळ्यात एका मासला जास्तीत जास्त एक फेनिग, उन्हाळ्यात दोन. मास म्हणजे तिथलं माप, आजचा लिटरचा मग. आणि गहू का वगळला, तर गहू पावाला लागतो, तो बिअरवाल्यांनी पळवू नये. म्हणजे तुमच्या मित्राला जो शुद्धतेचा कायदा वाटतो त्यात बराचसा भाग रेशनिंगचा आहे. आणि पुढची गंमत, १६०२ साली त्याच राजघराण्याने गव्हाची बिअर बनवायचा हक्क आपल्याकडे घेतला आणि त्यावर बक्कळ पैसा कमावला. आज म्युनिकची शान म्हणून उंच ग्लासात जी वाइसबिअर येते ती गव्हाची, म्हणजे मूळ हुकुमाप्रमाणे बेकायदेशीर!

'राइनहाइट्सगेबोट', म्हणजे शुद्धतेचा नियम, हा जो जड शब्द जाहिरातीत मिरवतात तोही १९१८ चा, नियम साऱ्या देशाला लागू झाला १९०६ ला, आणि १९८७ मध्ये युरोपच्या कोर्टाने जर्मनीला ठणकावलं की ह्या नियमात बसत नाही म्हणून बाहेरची बिअर अडवता येणार नाही. बेल्जियमवाले धणे घालतात, संत्र्याची साल घालतात, चेरी घालतात आणि सुंदर बिअर करतात. माझं मत विचाराल तर ह्या नियमाने जर्मन बिअर चांगली राहिली आणि जराशी कंटाळवाणीही राहिली, दोन्ही.

डोक्याचं म्हणाल तर डोकं अल्कोहोलने दुखतं, ते बार्लीचं असो की मोहाचं.

प्रश्न : ताई, कंपनीच्या कामाला दोन आठवडे कोलोनला जातोय. टीमवाले पहिल्याच दिवशी ब्राउहाउसला नेणार म्हणतायत. तिथे काय करावं, काय करू नये? फजिती नको.
(एक वाचक, पुणे)

फजिती होणार, ती ठरलेली आहे, माझी झाली तशी.

ब्राउहाउस म्हणजे बिअर बनवणाऱ्यांचं जुनं जेवणघर, लाकडी बाकं, गोंगाट. तिथल्या वेटरला क्योबेस म्हणतात, निळा एप्रन, चेहऱ्यावर 'तुम्ही माझ्याकडे कशाला आलात' असा भाव. हा उद्धटपणा परंपरेचा भाग आहे, मनाला लावून घ्यायचं नाही, पुणेकराला हे मी समजावत बसत नाही. त्याच्याकडे पाणी मागितलं तर तो सोबत साबण-टॉवेलही आणू का असं विचारतो, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा जोक.

बिअर एकच, क्योल्श. ग्लास छोटासा, सरळसोट, २०० मिलीचा. तो संपला की क्योबेस न विचारता दुसरा ठेवतो आणि बिअरच्या खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपलं वळण असं की पानात वाढलेलं टाकायचं नाही, म्हणून मी ग्लास संपवतेय, तो ठेवतोय, मी सभ्यपणे संपवतेय, तो ठेवतोय, पाचव्या रेघेला शेजारच्या बाईला माझी दया आली आणि तिने माझा पुठ्ठा उचलून ग्लासवर झाकला. बस. झाकण ठेवलं की पुरे. मला एकदम आमच्या साताऱ्याकडच्या पंगती आठवल्या, जिलबीवाला आला की आपण पानावर दोन्ही हात आडवे धरतो तसं. फरक एवढाच की पंगतीतला वाढपी हात बाजूला सारून वाढतो, क्योबेस पुठ्ठ्याचा मान राखतो.

दुसरं महत्त्वाचं, चुकूनही 'आल्ट' मागू नका. आल्ट ही ड्युसेलडॉर्फची तांबूस-काळपट बिअर, ते शहर जेमतेम ४० किलोमीटरवर आहे आणि दोघांचं सात पिढ्यांचं वैर असल्यासारखं आहे. क्योल्श नाव लावायचा हक्कही १९८६ च्या करारापासून कोलोन आणि आसपासच्या ब्रुअऱ्यांपुरताच आहे. बाय द वे क्योल्श हे तिथल्या बोलीचंही नाव आहे, त्यामुळे कोलोनकर म्हणतात जगात पिता येणारी भाषा आमचीच.

आणि 'चिअर्स'ला, म्हणजे 'प्रोस्ट'ला, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. प्रत्येकाच्या. नाही बघितलं तर सात वर्षं बेडरूममध्ये वनवास असं म्हणतात. कोणी मानत नाही पण बघतात सगळे.

प्रश्न : भाऊ मँचेस्टरला असतो. तो म्हणतो जर्मन चिक्कू, स्वतःचे स्वतः पैसे देतात. इंग्रज एकमेकांना पाजतात, खरी बिअर संस्कृती पबमध्येच. तुम्ही काय म्हणता?
(एक वाचक, ठाणे)

तुमच्या भावाला विचारा पाचजणांच्या ग्रुपमध्ये तो कधी लवकर घरी गेलाय का.

इंग्लंडात राउंड असतो. एकाने काउंटरवर जायचं, सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याची पाळी. एक पाइंट ५६८ मिली. पाचजण असले की पाच राउंड, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात पावणेतीन लिटरच्या वर, आणि मधूनच उठलात तर 'दुसऱ्यांची प्यायला आणि आपली पाळी आली की पळाला' हा शिक्का बसतो. दिसायला उदारपणा पण आतून भिशी आहे ती, नंबर लागेपर्यंत सुटका नाही. जर्मनीत वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं, आणि मग टेबलावरच्या आठ माणसांचं कोणी काय घेतलं हे त्याला तोंडपाठ असतं, आपल्या उडप्याकडच्या जुन्या वेटरसारखं. टीटीएमएम, तुझं तू माझं मी. ह्याला चिक्कूपणा म्हणा, पण ज्याला एकच ग्लास घ्यायचाय तो एकच घेऊन दीड तास सुखाने बसतो. आपल्या काँट्रीपेक्षा, म्हणजे बिल सगळ्यांत सारखं वाटण्यापेक्षा, बरंच की! आपल्याकडे लिंबू सोडा पिणारा स्कॉच पिणाऱ्याचे पैसे भरतो आणि वर त्यालाच सगळ्यांना घरी सोडावं लागतं. टीपेचं सांगायचं तर २७.४० बिल झालं की ३० देऊन 'श्टिम्ट झो', म्हणजे ठेवा, एवढं म्हणायचं.

फेसावरूनही भांडण आहे. इंग्रजाला पाइंट काठोकाठ पाहिजे, जर्मन ग्लासवर मापाची रेघ असते, बिअर रेघेपर्यंत आणि फेस त्याच्या वर, फेस नसेल तर माणूस ग्लास परत पाठवतो. आपल्याकडे ग्लास आडवा धरून थेंब थेंब ओततात, फेस झाला तर पैसे वाया गेले म्हणून हळहळतात, आणि त्यात चूक काहीच नाही कारण आपली बाटली ६५० ची आणि ती दोघांत असते. एक मात्र भावाच्या बाजूने बोलते, 'इंग्लिश बिअर गरम असते' असं इथले लोक जे हिणवतात ते खोटं. पिंपातली एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, ११ ते १३ डिग्रीला देतात, तळघराइतकी थंड. बर्फगार नसली की चव लागते तरी.

पण माझ्या मते खरा फरक घड्याळाचा आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या वेळी पबच्या वेळा आवळल्या, कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून, आणि दुपारी पब बंद ठेवायचा नियम १९८८ पर्यंत चालला! न्यूझीलंडमध्ये तर १९१७ ते १९६७, पन्नास वर्षं, संध्याकाळी सहाला बार बंद. पाचला ऑफिस सुटायचं, मग एका तासात जेवढी ढोसता येईल तेवढी. दारू कमी व्हावी म्हणून केलेल्या नियमाने लोकांना घाईने प्यायला शिकवलं. आपल्या देशी दारूच्या दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या पाच मिनिटांत क्वार्टर उरकणारा माणूस आठवा, तीच घाई. बव्हेरियातला म्हातारा सकाळी अकराला एक ग्लास आणि पेपर घेऊन बसतो तो जेवायलाच उठतो, त्याला कुठेच जायचं नसतं. आपण पिण्याला 'बसणं' म्हणतो ना, 'काय, आज बसायचं का', तो शब्द खरं म्हणजे ह्यांनी वापरायला हवा. आपण बसतो म्हणतो आणि नजर दाराकडे, कोणी ओळखीचं येत नाही ना.

प्रश्न : जर्मनीत रस्त्यावर बाटली घेऊन फिरतात हे खरं का? पोलीस धरत नाहीत?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

खरं. त्याला शब्दही आहे, वेगबिअर, वाटेतली बिअर. बर्लिनला तर रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली छोटी दुकानं असतात, श्पेटी म्हणतात, तिथून एक बाटली घ्यायची आणि चालत मित्राकडे जायचं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कालव्याच्या काठावर टाय सैल करून बसलेला माणूस, हातात बाटली, एक प्यायली आणि घरी गेला. सगळीकडे चालतं असं नाही, म्युनिकच्या लोकल ट्रेनमध्ये दारू प्यायला बंदी आहे, मुख्य स्टेशनच्या परिसरातही आहे, तिथे गोंधळ फार व्हायचा.

मला सुरुवातीला सगळ्यात जास्त धक्का बाटलीचा नव्हता, पिशवीचा होता. म्हणजे पिशवी नसण्याचा. आपल्याकडे वाइन शॉपवाला न सांगता बाटलीला पेपर गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो, आणि गंमत म्हणजे काळी पिशवी बघूनच सगळ्या गल्लीला कळतं. इथे आजीबाई सुपरमार्केटातून वीस बाटल्यांचा क्रेट ट्रॉलीत घालून उघड्यावर नेतात, नातवाच्या बारशाला. परमिट रूमच्या अंधारात लाल बल्बखाली बसणारे आणि ही आजी, पितात दोघंही, पण अंधारात बसलेल्याला एकावर थांबणं अवघड जातं असं मला वाटतं, एवढं लपूनछपून आलोय तर वसूल करूनच जाऊ. आपल्याकडे बहुतेक खप स्ट्राँग बिअरचा आहे, ८ टक्क्यांपर्यंतची, इथली नेहमीची ५ च्या आसपास. वसुलीचाच हिशोब आहे तो.

रिकाम्या बाटलीचे पैसे परत मिळतात हे मात्र आपल्या भंगारवाल्याला सांगण्यासारखं. काचेच्या साध्या बाटलीला ८ सेंट, स्प्रिंगच्या बुचाच्या बाटलीला १५, कॅनला २५. क्रेटचे वेगळे दीड युरो, म्हणजे वीस बाटल्यांचा भरलेला क्रेट परत केला की ३ युरो १० सेंट हातात. रस्त्यात प्यायलात तर बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, डब्याच्या बाजूला उभी ठेवायची, कोणीतरी गरजू माणूस गोळा करत येतो, त्याला डब्यात हात घालावा लागू नये.

प्रश्न : ताई, आमच्या गोव्यातही कोण लपवत नाही. मग जर्मनीत वेगळं काय?
(एक वाचक, म्हापसा)

काही नाही हो, तुम्ही बरोबर आहात! गोव्यात वय १८, तावेर्नात दुपारी एक ग्लास घेऊन गप्पा, चर्चच्या फेस्ताला सगळं घर एकत्र, हे बव्हेरियातल्या गावासारखंच आहे, तेही कॅथलिक, तेही सुशेगाद. फरक म्हणाल तर तुमची स्वतःची फेणी, काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि तुम्ही ती सोडून पर्यटकांना बिअर विकत बसता. आणि गोवा बिघडवायला आमच्या बाजूची मंडळी शनिवार-रविवारी गाड्या भरून येतात, त्याबद्दल माफी.

प्रश्न : जगात सगळ्यात जास्त बिअर जर्मन पितात ना? आणि जर्मनीसारखी बिअर महाराष्ट्रात मिळेल का?
(एक वाचक, जळगाव)

पहिल्याचं उत्तर नाही. माणशी हिशोबात चेक लोक कित्येक वर्षं पहिले आहेत, सव्वाशे लिटरच्या आसपास. प्रागला साध्या पबात गेलात तर वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि त्यावर रेघा मारत जातो, कोलोनच्या पुठ्ठ्याचाच चुलतभाऊ. तिथे नुसत्या फेसाने भरलेला ग्लासही मागता येतो, त्याला 'म्लीको' म्हणजे दूध म्हणतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आपल्याला फसवलं, पण तो फेस साईसारखा गोडसर असतो, पटकन प्यायचा. आणि चेक लोक गाडीच्या बाबतीत जर्मनांपेक्षा कडक आहेत, मर्यादा शून्य.

पण जर्मनांनी नाराज व्हायचं कारण नाही, कारण चेक लोकांच्या पिल्झन गावात १८४२ साली जी पहिली सोनेरी पिल्सनर बनली ती बनवणारा योसेफ ग्रोल हा बव्हेरियातून बोलावलेला होता. त्याआधीची बिअर बहुतेक गडद, गढूळ. आज तुम्ही जळगावात जी थंड पिवळी बिअर उघडता ती लांबच्या नात्याने त्याच घराण्यातली.

महाराष्ट्रात ताजी बिअर पाहिजे तर पुण्याला या. २००९ मध्ये पुण्यात डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तिथे बिअर बनवायला जर्मन ब्रूमास्टरच होता, त्यानंतर मुंबई-पुण्यात अशा बऱ्याच निघाल्या. डूलाली म्हणजे आपलं देवळाली हो, नाशिकजवळचं! तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत बघत गोरे सोल्जर वेडे व्हायचे म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणायला लागले. अशा मायक्रोब्रुअरीत वाइसबिअर मागून बघा, लवंग आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. केळं घातलेलं नसतं, यीस्टच तसलं असतं. जळगावकराला केळ्याची पारख मी काय सांगू.

प्रश्न : ऑक्टोबरफेस्टला जायचंय. टिप्स?
(एक वाचक, कोल्हापूर)

ऑक्टोबरात जाऊ नका, म्युनिकची ही बिअरची जत्रा बहुतेक सगळी सप्टेंबरात उरकते. १८१० साली युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त ऑक्टोबरात सुरू झाली, पुढे थंडी टाळायला तारखा मागे सरकवल्या. प्रवेश फुकट, बिअर महाग, २०२४ मध्ये लिटरचा मग १३.६० ते १५.३० युरो होता. बिअर म्युनिकच्या सहाच ब्रुअऱ्यांची, आणि ती नेहमीपेक्षा कडक, ६ टक्क्यांच्या आसपास, हे न कळल्यामुळे संध्याकाळी टेकडीवर आडवे झालेले लोक दिसतात. बिअरच्या मोठ्या तंबूत बसायला जागा नसेल तर सहसा बिअरच देत नाहीत, म्हणून वीकेंड टाळा, मंगळवारी दुपारी बाराला जा. बाकावर चढून नाचलेलं चालतं, टेबलावर चढलं की बाहेर. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा पाहुण्यांना मेट्रोच्या दारापर्यंत सोडून परत आले.

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांची आहे. माळकरी. मुलाकडे म्युनिकला दोन महिने येतेय. तो म्हणतो रविवारी सगळे बिअरगार्टनला जातात, तूही चल. मला त्या वासात बसवणार नाही आणि तिथे मी खाणार काय? पण घरी एकटीने तरी काय करू?
(एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

काकू, तुमचंच पत्र वाचून हा कॉलम लिहायला घेतला. जा. बिनधास्त जा.

तुमच्या डोळ्यासमोर बार येतोय, हे तसं नाही. पूर्वी बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, आगीची भीती आणि उकाड्यात बिअर नासते म्हणून. मग हिवाळ्यात बनवलेली बिअर नदीकाठच्या तळघरात साठवायचे, तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायचे, पान मोठं आणि मुळं वरवर, आणि जमिनीवर खडी. सावली झाली तशी लोक तिथेच बाकं टाकून प्यायला लागले. गावातले खानावळवाले बोंबलले, आमचं गिऱ्हाईक पळवतात. तेव्हा १८१२ मध्ये राजाने तोडगा काढला, तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, बाकी जेवण विकायचं नाही. मग लोकांनी घरून डबा आणायला सुरुवात केली, आणि तो डब्याचा हक्क आजपर्यंत आहे! जिथे टेबलावर कापड अंथरलेलं नसतं, स्वतः जाऊन आणायचं असतं, त्या भागात घरचं खुशाल खा, प्यायचं तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं.

तर सकाळी थालीपिठं लावा, वासाचं मनात येणार नाही कारण सगळं उघड्यावर, वर झाडं, खाली पोरं खडीत खेळतायत, शेजारच्या टेबलावर कोणीतरी टोपलीतून टेबलक्लॉथ, टोमॅटो, चीज काढून मांडतंय. हिर्शगार्टन म्हणून आहे तिथे एका वेळी ८००० माणसं बसतात आणि तरी आरडाओरडा नाही. तुम्ही आप्फेलशोर्ले मागवा, सफरचंदाचा रस आणि सोडा, मोठ्या मगात येतो, लांबून बघणाऱ्याला बिअरच वाटेल पण तिथे बघतंय कोण. मुळा पातळ चकत्या करून मीठ लावून देतात तो खा, ब्रेट्सेल (गाठीच्या आकाराचा पाव) खा, वर खडं मीठ असतं ते बोटाने झाडून टाका, बीपी असेल तर. ओबात्स्दा नावाचं चीजचं कालवण असतं, त्यात कधी कधी बिअर घालतात, म्हणून ते नको.

आमच्या आईने तिथे डबा उघडला तेव्हा शेजारचे आजोबा वास घेत वळले, हे काय म्हणाले, मी सांगितलं भाजणीचं आहे, आईने लगेच अर्धं मोडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी आपला मुळा आमच्याकडे सरकवला. भाषा दोघांना एकमेकांची ओ की ठो कळत नव्हती, तासभर बोलत होती.

लोणी मात्र छोट्या डबीत वेगळं न्या आणि सावलीत ठेवा, आमचं सगळं वितळून टेबलाच्या फटीतून खाली गेलं.